फोर-बाय-फोरचा नॉब फिरतो, दिवा लुकलुकतो, पण गिअर पडत नाही: मोटर आणि मॉड्यूल विकत घेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. संगमेश्वरजवळ कलमांची बाग, बागेपर्यंत जांभ्यातला चढ, पाऊस लागला की सगळा लाल चिखल. गाडी जुनी डिझेल, डॅशबोर्डवर फोर-बाय-फोरचा गोल नॉब. टू-एचची (नेहमीची, दोनच चाकांना जोर) काही तक्रार नाही. फोर-एच (चारही चाकांना जोर) कधी पडतो, कधी दिवा नुसताच लुकलुकत राहतो. फोर-एल (चारही चाकं, वेग कमी पण ओढ जास्त) तर पाऊस सुरू झाल्यापासून पडलेलाच नाही. फ्यूज काढून बघितला, शाबूत आहे. एका गॅरेजने शिफ्ट मोटर (गिअर सरकवणारी) बदला म्हणून सांगितलं, दुसऱ्याने कंट्रोल मॉड्यूल (तिला हुकूम देणारी इलेक्ट्रॉनिक पेटी). आणि शेवटी विचारलंय, "काका, दोन्हींपैकी आधी काय बदलू?"

दोन्ही नको. निदान आत्ता तरी नको. दोन्ही वस्तू महाग आहेत, आणि इलेक्ट्रिकलचा पार्ट एकदा बिल फाडून घेतला की दुकानदार सहसा परत घेत नाही. तुम्हाला शोधायचंय ते वेगळंच आहे: नॉब फिरवल्यापासून गिअर पडेपर्यंत जी वाट आहे, त्यात काम नेमकं कुठे अडतंय. ते कळलं की काय बदलायचं हे विचारावं लागत नाही, आणि पुष्कळदा काहीच बदलावं लागत नाही.

ही वाट आधी समजून घ्या. नॉब स्वतः काहीही ढकलत नाही, तो फक्त मागणी नोंदवतो. त्याच्यातून जाणारा करंट अगदी किरकोळ. ती मागणी बारीक वायरने मॉड्यूलकडे जाते. मॉड्यूल गाडीचा वेग बघतं, फोर-एल मागितला असेल तर गाडी न्यूट्रलला आहे का, क्लच किंवा ब्रेक दाबलाय का हेही बघतं. सगळं जमलं की ते ट्रान्सफर केसवरच्या (इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीवरच्या) मोटरला जाड वायरने सप्लाय देतं. मोटर फिरते, आतला शाफ्ट सरकवते, आणि मोटरच्याच पोटातला सेन्सर मॉड्यूलला कळवतो की मी अमुक जागी पोचलो. काही गाड्यांत पुढच्या एक्सलला वेगळा ॲक्च्युएटर (जोडणी सरकवणारा भाग) असतो, त्याचाही निरोप यावा लागतो. सगळ्यांचा होकार आला की दिवा स्थिर होतो.

म्हणजे दिवा लुकलुकतोय यातच एक बातमी आहे. मागणी पोचली, मॉड्यूल जिवंत आहे, त्याने काम हाती घेतलंय, फक्त 'झालं' असा निरोप परत आलेला नाही. नॉब फिरवून दिवा ढिम्म राहिला तर गोष्ट वेगळी. तिथे मागणीच पोचलेली नाही. फोर-एचला दिवा लुकलुकतो असं तुम्ही लिहिलंय. फोर-एलला लुकलुकतो की काहीच होत नाही, हे लिहिलेलं नाही. मला सगळ्यात जास्त तेच हवंय, कारण तुमच्या गाडीत एक नाही, दोन वेगवेगळे दोष असू शकतात.

काही गोष्टी गाडीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुम्ही मॉडेल दिलेलं नाही. वायरचे रंग, कपलरमधल्या (वायरी जोडणाऱ्या प्लगमधल्या) पिनांचे नंबर, मॉड्यूल सीटखाली की डॅशबोर्डमागे, हे प्रत्येक गाडीत वेगळं. वायरिंग डायग्राम मिळाला तर निम्मं काम सोपं होतं. जिप्सीसारख्या गाड्यांना पुढचं बरंचसं लागू नाही. तिथे लिव्हरच थेट गिअर सरकवते आणि ट्रान्सफर केसवरचा स्विच मुख्यतः दिव्यापुरता असतो. दिवा लागला नाही तरी गाडी फोर-बाय-फोरमध्ये असू शकते.

आता वायरिंगला हात लावण्याआधी दोन गोष्टी, कारण त्या दोष वाटतात पण दोष नसतात. बहुतेक नॉबवाल्या गाड्यांत फोर-एलसाठी गाडी उभी किंवा जवळजवळ उभी, गिअर न्यूट्रलला आणि क्लच किंवा ब्रेक दाबलेला लागतो. चढावर अडकलेला माणूस नेमका पहिल्या गिअरमध्ये असतो आणि तिथेच नॉब फिरवतो. दुसरं, कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर फोर-एच लावून वळण घेतलं की पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये पीळ बसतो. मग गिअर सुटत नाही, दिवा लुकलुकत राहतो, आणि सगळे वायरिंग उचकटायला बसतात. गाडी मऊ जमिनीवर चार-पाच मीटर मागे-पुढे घेतली की पीळ सुटतो. चाचणी नेहमी माती किंवा खडीवरच करा.

पहिली चाचणी कानाची. इंजिन बंद, चावी ऑन, गिअर न्यूट्रल, चाकांना पुढून-मागून दगड लावलेले. दगडांचा आळस करू नका. फोर-एलमध्ये जाताना ट्रान्सफर केस मध्येच स्वतःच्या न्यूट्रलमधून जाते. त्यात ती अडकली तर गाडी गिअरमध्ये टाकलेली असूनही उतारावर घरंगळते. म्हणून जागा सपाट हवी, आणि गाडीखाली न शिरता बाजूला उकिडवं बसून ऐकायचं. आत कुणाला तरी बसवा, क्लच-ब्रेक दाबून नॉब फिरवायला सांगा.

घर्रर्र करून टक् असा पूर्ण आवाज आला आणि तरी दिवा लुकलुकत राहिला, तर मोटरने तिचं काम केलंय. अडलंय ते परतीच्या निरोपात किंवा पुढच्या एक्सलमध्ये. तिथे व्हॅक्यूमवर चालणारा ॲक्च्युएटर असेल तर आधी रबरी नळ्या बघा (आणि ही चाचणी इंजिन चालू ठेवून परत करा, बंद इंजिनावर व्हॅक्यूम नसतो). तडकलेली नळी हुबेहूब इलेक्ट्रिकल फॉल्टसारखी वागते. मोटर कण्हल्यासारखी अर्धवट फिरून थांबली, तर एकतर तिला पुरेसा सप्लाय मिळत नाही किंवा ती खरंच जाम आहे. नुसताच रिलेचा (विजेवर चालणाऱ्या स्विचचा) टिक आवाज आला आणि मोटर गप्प, तर मॉड्यूलपासून मोटरपर्यंतची वाट तपासायची. टिकसुद्धा नाही, तर मागणी किंवा मॉड्यूलचा सप्लाय. गॅरेजमध्ये स्कॅनर (गाडीने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावण्याआधी हे दोन मिनिटांचं काम करून घ्यावं.

स्कॅनरचा विषय निघालाच आहे तर सांगतो. त्याच्यावर 'शिफ्ट मोटर सर्किट' असा कोड येतो आणि लगेच मोटर खराब ठरते. तुमच्या पहिल्या गॅरेजमध्ये असंच काहीतरी झालं असावं. कोडमध्ये 'सर्किट' म्हटलेलं असतं. सर्किटमध्ये मोटर आहे, तसेच दोन-तीन कपलर, काही मीटर वायर आणि अर्थचा (करंट बॉडीवरून बॅटरीच्या मायनसला परत नेणाऱ्या वायरीचा) नटही आहे. आपल्याकडच्या पावसात यातलं सगळ्यात आधी काय मरतं, हे ओळखायला स्कॅनर लागत नाही.

आता सप्लाय आणि अर्थ. तुमचं सगळं वर्णन वाचून माझा पहिला संशय इथेच जातो. फ्यूज शाबूत असणं म्हणजे पुढे करंट पोचणं नव्हे. फ्यूज जागेवर असतानाच मल्टिमीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या मायनसवर ठेवा आणि लाल प्रोब फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन बारीक धातूच्या टोकांवर एकेक करून टेकवा, दोन्हीकडे बॅटरीइतके व्होल्ट दिसले पाहिजेत. फ्यूजबॉक्समधली पकड ढिली होणं, तिच्यावर काळपट थर चढणं, हे नेहमीचं.

त्याच्यापुढे मात्र मीटर नुसता टेकवून भागत नाही, आणि बहुतेक जण इथेच फसतात. वायरमन मीटर बझरवर ठेवतो, दोन टोकांना प्रोब लावतो, पीं वाजतं, 'वायर ओके'. बऱ्याच मीटरचा बझर तीस-चाळीस ओहमपर्यंत वाजतो. तुमच्या मोटरचं वाटोळं करायला ०.३ ओहम पुरतात. हिशोब करून बघा: मोटरने १० अँपिअर ओढले तर ०.३ ओहमवर ३ व्होल्ट तिथेच जिरतात. बॅटरी १२.४ दाखवत असेल तर मोटरला ९.४ मिळतात, आणि ती कण्हते. ०.३ ओहम मोजता येत नाहीत का? साध्या मीटरचे दोन प्रोब एकमेकांना टेकवले तरी तेवढे दिसतात, मग मोजणार काय. बिनभाराच्या वायरवर व्होल्टही पूर्ण दिसतात, कारण करंट वाहत नसेल तर काहीच जिरत नाही. वायरीतला तांब्याचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर १२.४ दाखवेल.

म्हणून भार टाकून मोजायचं. माझ्याकडे त्यासाठी हेडलाईटचा जुना एच-फोर बल्ब आहे, ५५ वॅटच्या फिलामेंटला दोन वायरी सोल्डर केलेल्या. असा बल्ब साधारण ४.५ अँपिअर ओढतो. चावी बंद करून मॉड्यूलचा कपलर काढा, डायग्राममध्ये बघून मेन सप्लायची आणि अर्थची पिन शोधा, त्या दोघांत हा बल्ब लावा आणि चावी ऑन करा. बल्ब पेटलेला असताना त्याच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजा. बॅटरीवर १२.४ आणि बल्बवर १२ च्या आसपास, तर ही वाट ठीक. बल्बवर ११ किंवा कमी, तर वाटेत कुठेतरी व्होल्ट जिरतायत. लगेच मीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या मायनस खुंटावर ठेवा. खुंटावर, क्लॅम्पवर नाही. लाल प्रोब बल्बच्या अर्थच्या बाजूला. तिथे एक-दीड व्होल्ट दिसले की दोष अर्थमध्ये सापडला. चांगल्या अर्थला हा आकडा ०.१ ते ०.२ च्या पुढे जात नाही. तिथे जवळजवळ शून्य आला, तर दोष सप्लायच्या बाजूला: फ्यूजबॉक्स, रिले, इग्निशनकडून येणारी वायर.

हा बल्ब फक्त जाड सप्लाय आणि अर्थच्या पिनांनाच लावायचा, आणि त्या वाटेवरचा फ्यूज किमान १० अँपिअरचा असेल तरच. नॉबच्या, सेन्सरच्या बारीक वायरींना लावलात तर आज नसलेला दोष उद्या निर्माण होईल. पिवळ्या कपलरच्या वाटेला तर जाऊच नका, ते एअरबॅगचे असतात. आणि कपलरच्या तोंडातून जाड प्रोब खुपसू नका. आतली पकड फाकते, मग गाडी हलली की संपर्क सुटतो, आणि हा नवा लूज कॉन्टॅक्ट तुम्हीच बनवलेला असतो. मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने टाचणी सरकवून तिच्यावर मोजायचं.

अर्थचा नट सापडला की तिथे किती रिंगा आहेत ते बघा. हौसेने लावलेले फॉग लॅम्प, एलईडी बार, म्युझिक सिस्टीमचा ॲम्प्लिफायर, यांची अर्थ हमखास त्याच नटावर चढवलेली असते, तीही रंगावरून. सगळ्या रिंगा काढा, खालचा रंग आणि गंज खरवडून चकचकीत पत्रा दिसू द्या, गाडीची मूळ रिंग पत्र्याला भिडवून आवळा, वरून व्हॅसलीन फासा. बाहेरच्या ॲक्सेसरीजना दुसरी जागा द्या.

आता तो फोर-एल. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात बोलकी ओळ ही आहे की टू-एच बरोबर, फोर-एच लहरी आणि फोर-एल पूर्ण बंद. अशी उतरंड मी पाहिली की नॉबच्या सर्किटकडेही वळतो. पुष्कळ गाड्यांत नॉबच्या प्रत्येक जागेला वेगळी वायर नसते. आत वेगवेगळे रेझिस्टर (ठरावीक ओहमने करंट अडवणारे भाग) असतात आणि एकाच वायरवरच्या व्होल्टवरून मॉड्यूल ओळखतं की काय मागितलंय. समजुतीपुरते आकडे घेऊ, तुमच्या गाडीत वेगळे असतील. मॉड्यूल ५ व्होल्ट देतंय, त्याच्या आत १००० ओहम आहेत, आणि नॉबमध्ये टू-एचला ३९००, फोर-एचला १०००, फोर-एलला २७०. मग मॉड्यूलला अनुक्रमे सुमारे ४, २.५ आणि १.१ व्होल्ट दिसतात. आता कपलरच्या पिनेवर हिरवा थर चढला आणि वाटेत ३०० ओहम वाढले. टू-एच राहतो ४ च्याच आसपास, मॉड्यूलला फरक कळतही नाही. फोर-एच जातो २.८ वर, म्हणजे कधी ओळखला जातो, कधी नाही. फोर-एल १.१ वरून १.८ वर चढतो आणि कुठल्याच खणात बसत नाही. गंज एकच, पण ज्या जागेचा रेझिस्टर सगळ्यात लहान ती आधी मरते. मोटर आणि मॉड्यूल दोन्ही ठणठणीत असून गाडी तुमच्यासारखी वागू शकते.

आणि इथे गंज एवढा मातब्बर का ठरतो, तर करंट किरकोळ म्हणून. जाड करंटच्या स्विचमध्ये प्रत्येक वेळी बारीक ठिणगी पडते, तिच्याने पातळ थर जळून जातो. या नॉबमध्ये ते होत नाही. थर बसला की बसला.

तपासायला चावी बंद करून मॉड्यूलचा कपलर काढा, नॉबचा लावलेलाच ठेवा. मॉड्यूलच्या कपलरमध्ये येणाऱ्या नॉबच्या दोन वायरींवर मीटर ओहमवर लावा आणि नॉब एकेका जागी फिरवा. तीन जागांना तीन स्थिर आकडे आले पाहिजेत. ते लिहून ठेवा. मग नॉबचा कपलर काढून थेट नॉबच्या पिनांवर तेच मोजा. दोन्हींत दहा-वीस ओहमचा फरक असेल तर सोडून द्या, शेकड्यांत असेल तर वायर किंवा कपलर. थेट नॉबवरच आकडा उड्या मारत असेल, तर नॉब. तो मोटरच्या मानाने फार स्वस्त असतो. तुमच्या गाडीत प्रत्येक जागेला वेगळी वायर निघाली तर काम आणखी सोपं: ज्या जागेची वायर जोडली जायला हवी ती जोडली जाते का, एवढंच बघायचं.

मोजमाप कधी करता याला फार महत्त्व आहे. गॅरेजला गाडी दुपारी जाते, वाटेत इंजिनच्या उष्णतेने सगळं सुकतं, मेकॅनिक नॉब फिरवतो, फोर-एच पडतो, 'काही प्रॉब्लेम नाही.' रात्रभर पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी, हलवण्याआधी तपासा. ते जमत नसेल तर स्प्रेच्या बाटलीने एकेका कपलरवर पाणी मारून दोष परत आणता येतो. एका वेळी एकच कपलर, मध्ये दहा मिनिटं थांबून. मीटर लावलेला ठेवून हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हलवत जा: ट्रान्सफर केसच्या डोक्यावरची क्लिप, चॅसिसच्या आडव्या पट्टीवर वायर घासते ती जागा, फ्लोअरमधून आत शिरताना रबर असतं ती जागा. ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचलून हात लावून बघा, ओलं असेल तर पाणी कुठून येतंय हा वेगळा तपास. मॉड्यूल सीटखाली असेल तर त्याच्या कपलरमध्ये पाण्याच्या खुणा दिसतात का तेही बघा. उंदरांचं सांगायला नको, बागेत उभ्या राहणाऱ्या गाडीत ते असतातच.

एक विचारायचं राहिलं: पाऊस लागण्याआधी किंवा नंतर गाडी खालून प्रेशर वॉशरने धुतली होती का? चिखल काढायला सगळेच धुतात, आणि नोझल जवळून धरलं की पाणी सील ओलांडून कपलरच्या आत जातं, तिथेच बसतं. धुवा, पण ट्रान्सफर केसच्या वरच्या बाजूला जोराचा झोत नको.

मोटरकडे सगळ्यात शेवटी या. तिच्या कपलरच्या मागून दोन्ही जाड वायरींवर टाचण्या लावून मीटर जोडा आणि नॉब फिरवा. एक-दोन सेकंद बॅटरीच्या आसपास व्होल्ट दिसले, उलट दिशेला फिरवल्यावर उलट चिन्हाने दिसले, आणि तरी मोटर हलली नाही, तर ती मोटर किंवा आतला शाफ्ट. हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच टोकल्यावर चालू झाली तर कार्बन ब्रश संपलेत. काही मोटरी उघडून दुरुस्त होतात. बॅटरीवरून थेट वायर देऊन तिला फिरवू नका. तिला कुठे थांबायचं ते मॉड्यूल सांगतं, तुमची वायर सांगत नाही, ती शेवटच्या टोकाला जाऊन आपटते. मॉड्यूल तर वजाबाकीने सिद्ध होतं: सप्लाय भारावर बरोबर, अर्थ बरोबर, नॉबचे आकडे बरोबर, वेग-न्यूट्रलचे निरोप बरोबर, आणि तरी मोटरकडे काही निघत नाही, तेव्हाच.

दुरुस्तीचं थोडक्यात. पिना काँटॅक्ट क्लीनरने धुवा, पॉलिश पेपर मारू नका, वरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसात दुप्पट गंज. वायर सोलल्यावर आत तांबं काळं किंवा हिरवं दिसलं तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा, सोल्डर करून हीट-श्रिंक नळी चढवा. पीळ मारून काळी टेप गुंडाळलेला जॉइंट कोकणात एक पावसाळाही काढत नाही. वायर कपलरमध्ये शिरण्याआधी थोडी खाली झोळ देऊन बांधा, म्हणजे थेंब झोळावरून गळतो, कपलरमध्ये ओघळत नाही.

हे सगळं होईपर्यंत बागेत जावंच लागणार असेल, तर चढाच्या पायथ्याशी मातीवर थांबून फोर-एच लावा, चार मीटर पुढे-मागे घ्या, दिवा स्थिर झाला तरच वर चढवा. लुकलुकत असताना चढ चढायला जाऊ नका, आणि फोर-एलचे प्रयोग चढावर अजिबात नकोत.

मला तीन गोष्टी लिहा: फोर-एलला दिवा लुकलुकतो की नाही, ५५ वॅटचा बल्ब लावून आलेले व्होल्ट, आणि नॉबचे तीन जागांचे ओहम दोन्ही टोकांना. सोबत गाडीचं मॉडेल आणि वर्ष.